स्नेक प्लांट मरते ते पाण्यामुळे

वास्तुशांतीला पूर्वी भिंतीवरचे घड्याळ, गणपतीची तसबीर किंवा स्टीलची भांडी भेट म्हणून येत. आता त्यांच्या जोडीला कुंडीही येते आणि त्या कुंडीत बरेचदा स्नेक प्लांट असते. भाल्यासारखी ताठ उभी, जाड पाने, गडद हिरव्या रंगावर फिकट आडवे पट्टे, काही प्रकारांत कडेला पिवळी किनार. कुंडीसोबत दोन आश्वासनेही येतात. हे झाड घरातली हवा शुद्ध करते आणि त्याची काळजी घ्यावी लागत नाही.

मग दोन-तीन महिने जातात. बहुधा पावसाळ्यातच एखाद्या सकाळी एक पान कुंडीबाहेर कललेले दिसते. हात लावावा तर बुडाशी ते लिबलिबीत झालेले असते. जरा ओढले की अलगद हातात येते आणि त्याला कुजकट वास येतो. 'रोज न चुकता पाणी घातले, तरीही झाड गेले' अशी हळहळ घरात व्यक्त होते. त्या वाक्यातल्या 'तरीही'च्या जागी 'म्हणूनच' हा शब्द घातला, की निदान बरोबर होते.

स्नेक प्लांटविषयीच्या दोन्ही आश्वासनांत तथ्य आहे, पण ते अर्धेच. हे झाड श्वास कसा घेते हे एकदा समजले, की उरलेले अर्धेही समजते. पाणी किती घालावे आणि त्याच्या हवा शुद्ध करण्यावर किती विसंबावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथेच सापडतात.

या झाडाचे मूळ घर पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियापासून कांगोपर्यंतच्या उष्ण पट्ट्यात आहे. पानांवरचे पट्टे सापाच्या कातडीसारखे दिसतात म्हणून ते स्नेक प्लांट झाले. इंग्रजीत त्याला 'सासूची जीभ' असेही म्हणतात. डच भाषेत त्याच्या 'बायकांच्या जिभा' झाल्या. चिनी आणि जपानी लोकांना त्यात वाघाची शेपटी दिसली, तर ब्राझीलमध्ये सेंट जॉर्जची तलवार. कोणाला पानात काय दिसावे, यावरून त्या त्या समाजातल्या पुरुषांविषयी बरेच काही कळते.

झाड आफ्रिकेतले असले, तरी त्याचे शास्त्रीय बारसे बंगालमध्ये झाले. कोलकात्याजवळच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डेव्हिड प्रेन यांनी १९०३ मध्ये 'बेंगॉल प्लांट्स' या ग्रंथात 'सॅन्सेव्हेरिया ट्रायफॅसिएटा' या नावाने त्याची नोंद केली. पुढे जनुकीय अभ्यासांवरून ते ड्रॅसीनाच्याच घराण्यातले असल्याचे मानले गेले आणि २०१७ मध्ये त्याचे नाव 'ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा' असे बदलण्यात आले. रोपवाटिकांत मात्र जुनेच नाव चालते. ग्राहकाने त्याचा घोर लावून घेण्याचे कारण नाही.

याच कुळातला एक भाऊबंद अस्सल भारतीय आहे. त्याच्या पानांतून निघणारा पांढरा, चिवट धागा धनुष्याच्या दोरीसाठी वापरला जात असे, म्हणून इंग्रजांनी त्याला 'धनुष्याच्या दोरीचा ताग' अशा अर्थाचे नाव दिले. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला 'मौर्वी' म्हणतात. तो शब्द मूर्वा या वनस्पतीवरून आला आहे. ही मूर्वा म्हणजे हाच भारतीय भाऊबंद, असे काही अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात अनेक वैद्य मोरवेलीलाच मूर्वा समजतात. हा वाद जुना आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत.

रात्री उघडणारी दारे

झाडाच्या पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य रंध्रे असतात. बहुतेक झाडे ती दिवसा उघडतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीने त्याचे अन्न तयार होते. परंतु दार उघडे ठेवले की त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर पडते. जिथे पाणी मुबलक आहे, तिथे हा व्यवहार परवडतो. कोरड्या दिवसांत भर उन्हात दार उघडे ठेवणे म्हणजे आत साठवलेले पाणी उधळून टाकणे होय.

स्नेक प्लांटने यावर तोड काढली आहे. ते आपली रंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड झाल्यावर उघडते. रात्रभर आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवून ठेवते. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. दिवस उजाडला की दारे बंद होतात, आम्लातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो आणि उजेडात त्याचे अन्न बनते. निवडुंग, अननस, कोरफड आणि आपल्या घराघरांत असलेली पानफुटी यांचीही रीत हीच आहे.

पानफुटीचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. या प्रक्रियेची एक सुरुवातीची नोंद तिच्याच पानावरून आणि भारतातच झाली. बेंजामिन हेन हे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करीत असताना त्यांनी पानफुटीचे पान चाखून पाहिले. सकाळी ते आंबट लागले, दुपारपर्यंत त्याचा आंबटपणा गेला आणि संध्याकाळी ते कडवट लागू लागले. हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आम्ल रात्री साठते आणि दिवसा खर्च होते, ही गोष्ट जिभेने अशी आधीच टिपली होती. पानफुटीच्या बाबतीत केलेला हा प्रयोग स्नेक प्लांटवर मात्र कोणी करू नये. त्याचे कारण पुढे येईल.

रात्री दार उघडण्याच्या या सवयीमुळे स्नेक प्लांटच्या पानांतून फार कमी पाणी उडून जाते. पाने आणि जमिनीखालचे आडवे, जाड खोड पाण्याची साठवण करून ठेवतात. साहजिकच मुळे मातीतून पाणी ओढतात ते अगदी सावकाश. अशा झाडाला रोज तांब्याभर पाणी घातले तर ते जाणार कुठे? ते मातीतच राहते. मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने भरते, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि ती कुजू लागतात. ओल्या मातीतल्या बुरशीला आयतेच निमंत्रण मिळते.

यातला फसवा भाग असा, की वरची पाने आपल्या साठ्यावर पुढे कित्येक आठवडे हिरवीगार राहतात. खाली सगळे संपत आलेले असते आणि वर सारे आलबेल दिसते. मुळे गेल्यामुळे पाने अखेर सुरकुततात, तेव्हा घरातल्यांना वाटते की झाड तहानले आहे. मग आणखी पाणी घातले जाते.

शयनगृहातला प्राणवायू

'हे झाड रात्री प्राणवायू सोडते, म्हणून ते झोपण्याच्या खोलीत ठेवावे' असा सल्ला आता सर्वत्र ऐकू येतो. दिल्लीतील उद्योजक कमल मीटल यांनी २००९ मध्ये टेड व्यासपीठावरून केलेल्या भाषणाचा त्यात मोठा वाटा आहे. अरेका पाम, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट या तीन झाडांच्या जोरावर घरातली हवा ताजी ठेवता येते, असे त्यांनी त्यात सांगितले होते आणि शयनगृहासाठी माणशी कमरेएवढ्या उंचीची सहा ते आठ स्नेक प्लांट सुचवली होती. भाषण जगभर पाहिले गेले. बाजारात येईपर्यंत त्या सहा-आठ झाडांचे एक झाले.

झाडाच्या शरीरक्रियेकडे पाहिले तर या सल्ल्यातली गफलत लक्षात येते. वनस्पतीत प्राणवायू तयार होतो तो पाण्याच्या विघटनातून आणि ते घडायला उजेड लागतो. काळोखात कोणतेही झाड प्राणवायू बनवू शकत नाही. रात्री स्नेक प्लांट कार्बन डायऑक्साइड आत घेते हे खरे आहे. पण 'आत घेते' आणि 'प्राणवायू सोडते' या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिसरा मुद्दा प्रमाणाचा. एका प्रौढ माणसाला दिवसाकाठी साधारण साडेपाचशे लिटर प्राणवायू लागतो. कुंडीतल्या पाच-सहा पानांच्या हिशेबाने हा आकडा कुठल्या कुठे आहे.

हवा शुद्ध करण्याच्या दाव्यामागे अमेरिकेची अंतराळ संस्था नासा हिचे नाव घेतले जाते. ते नाव खोटे नाही. बिल वॉल्व्हर्टन यांनी नासासाठी केलेला हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्नेक प्लांटसह अनेक शोभेच्या झाडांची चाचणी झाली होती. बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोइथिलिन हे वायू झाडांच्या सान्निध्यात कमी होतात का, हे पाहण्यात आले आणि ते कमी झाल्याचे आढळलेही. परंतु प्रयोग झाला तो हवाबंद पेट्यांमध्ये आणि त्या पेट्या एक घनमीटरपेक्षाही लहान होत्या. प्रश्न अंतराळयानासारख्या बंदिस्त जागेचा होता. दादरच्या किंवा कोथरूडच्या घरात दारे उघडतात, पंखे फिरतात, खिडक्यांच्या फटींतून हवा ये-जा करते आणि फर्निचरच्या प्लायवूडमधून तेच वायू पुन:पुन्हा बाहेर पडत राहतात.

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी अशा डझनभर अभ्यासांतील १९६ प्रयोगांचे आकडे एकत्र करून त्यांची फेरमांडणी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधाचा निष्कर्ष रोपवाटिकांच्या जाहिरातींत सहसा दिसत नाही. इमारतीत एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीने हे वायू जितके कमी होतात, तितके झाडांकडून कमी करवून घ्यायचे तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यांनी दाखवून दिले. दहा बाय बाराच्या खोलीत याचा अर्थ किमान शंभरावर कुंड्या असा होतो. तिथे झोपायचे कोणी, हा प्रश्न उरतोच.

हा निव्वळ हौसेचा मामला असता तर एवढा ऊहापोह करण्याची गरज नव्हती. पण नव्या रंगाचा आणि नव्या फर्निचरचा वास कोंडलेल्या घरात दोन कुंड्या ठेवून खिडक्या बंद करणारी माणसे आहेत. घरात दम्याचा रुग्ण असताना कुंडीवर भरवसा ठेवणारीही आहेत. रंगाचा वास घालवायला उघडी खिडकी आणि स्वयंपाकघरातल्या धुराला एक्झॉस्ट पंखा हाच उपाय आहे. हिवाळ्यात मुंबई-पुण्यात हवेतले सूक्ष्म धूलिकण वाढतात. त्या दिवसांत कुंडीतल्या झाडाच्या भरवशावर राहता येणार नाही. स्नेक प्लांट घरात आणावे ते दिसायला देखणे आहे आणि कमी जागेत, कमी उजेडात तग धरते म्हणून. तेवढे कारण पुरेसे आहे.

माती, कुंडी आणि पाणी

रोपवाटिकेतून आणलेले रोप बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये असते. वाहतुकीला ते हलके आणि सोयीचे पडते. घरी मात्र ते पाणी धरून ठेवते आणि वरून कोरडे दिसले तरी आतून ओलेच असते. म्हणून आठ-दहा दिवस झाड घरात रुळू द्यावे आणि मग माती बदलावी. निम्मी बागेची लाल माती, निम्म्यात जाडी वाळू किंवा विटांचा बारीक चुरा आणि थोडे शेणखत किंवा गांडूळखत, असे मिश्रण चांगले. मूठभर ओली माती दाबून सोडली की तिचा गोळा न राहता ती भुगा व्हावी. मिश्रण जमले, याची ही खूण आहे.

कुंडी मातीची असेल तर सर्वांत उत्तम, कारण तिच्या अंगातूनही ओल उडून जाते. भेट मिळालेल्या चिनी मातीच्या देखण्या कुंड्यांना बुडाशी भोकच नसते आणि बरीचशी झाडे त्यातच दगावतात. अशा कुंडीत थेट लागवड करू नये. भोकाच्या प्लास्टिकच्या कुंडीत झाड लावून ती आत ठेवावी आणि पाणी घालताना बाहेर काढावी. कुंडी झाडाच्या मानाने फार मोठी नसावी. मोठ्या कुंडीत माती जास्त, म्हणजे ओलही जास्त. आडव्या खोडाच्या जोराने प्लास्टिकची कुंडी फुगून वेडीवाकडी झाली, की ती बदलण्याची वेळ आली असे समजावे.

पाणी किती दिवसांनी घालावे, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याला कॅलेंडरवरून उत्तर देणे धोक्याचे आहे. माती पूर्ण कोरडी झाल्यावर, हे खरे उत्तर. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. त्याहून चांगले म्हणजे अगरबत्तीची रिकामी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी काढावी. तिला ओलसर माती चिकटून आली तर पाणी नको. घालायचे तेव्हा मात्र बुडाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घालावे आणि पुन्हा कोरडे होऊ द्यावे. रोज अर्धी वाटी घालण्याची सवय सर्वांत वाईट. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये, तिथून कूज सुरू होते.

तरीही अंदाज हवाच असेल, तर उन्हाळ्यात गॅलरीतल्या झाडाला दहा-बारा दिवसांनी, घरातल्या झाडाला पंधरा दिवसांनी आणि थंडीत तीन ते चार आठवड्यांनी पाणी पुरते. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारच्या थेट उन्हापासून झाड आत घ्यावे, नाही तर पानांवर पांढुरके डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. मुंबई आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते, की घरातल्या कुंडीला महिनाभर पाणी घातले नाही तरी बिघडत नाही. गॅलरीत पावसाची झड येत असेल तर कुंडी आत ओढून घ्यावी. गणपतीला पंधरा दिवस गावी जाणाऱ्यांनी या झाडासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवण्याचे कारण नाही. कार्यालयांतले चित्र वेगळे. तिथे सगळ्या कुंड्यांना एकाच मगाने रोज सारखेच पाणी मिळते. त्यात अरेका पाम जगतो आणि स्नेक प्लांट कुजते. तिथल्या कुंडीवर 'पाणी घालू नये' अशी चिठ्ठी लावणे हा हास्यास्पद वाटला तरी गुणकारी उपाय आहे.

कुंडीखालच्या ताटलीकडे तर विशेष लक्ष हवे. तिच्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. पावसाळ्यात महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघरी येऊन या ताटल्याच तपासतात. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करावी आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी. बरणीतल्या पाण्यात मनी प्लांट किंवा बांबू ठेवणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

उजेडाबाबत एक गैरसमज रूढ आहे. हे झाड अंधाऱ्या कोपऱ्यात जगते, असे सांगितले जाते. ते तग धरते, वाढत नाही. पाने बारीक, लांबुडकी होतात, पिवळी किनार आणि पट्टे फिके पडतात. शिवाय कमी उजेडात पाण्याची गरज आणखी घटते. खिडकीपासून तीन-चार फुटांवरची जागा चांगली. खिडकी नसलेल्या स्नानगृहात ठेवायचेच असेल, तर दोन कुंड्या घेऊन त्यांची दर पंधरवड्याला अदलाबदल करावी. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. खत वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि पावसाळ्यानंतर पुरते.

कीड फारशी लागत नाही. पानांच्या बुडाशी कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने तो पुसून काढावा. मातीवर बारीक माश्या उडू लागल्या, तर औषध शोधण्याआधी पाणी बंद करावे.

लहान मूल, कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरांत कुंडी उंचावर असावी. या झाडात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. पान चावल्यास जनावरांना लाळ गळणे, उलट्या, जुलाब असा त्रास होतो. मांजरांना लांब पाने कुरतडण्याची खोड असते, म्हणून त्यांच्या बाबतीत अधिक जपावे. पानफुटीप्रमाणे हे पान चाखून पाहू नये ते याचसाठी.

कुजलेल्या झाडातून नवे झाड

झाड कुजू लागल्याचे लक्षात आले, तरी सगळेच संपलेले नसते. ते कुंडीतून काढावे, मुळांवरची माती झाडावी आणि काळी-तपकिरी, मऊ झालेली मुळे व खोड स्वच्छ चाकूने कापून टाकावे. पांढरट, टणक भाग उरला असेल तर तो दोन-तीन दिवस सावलीत सुकवून कोरड्या, नव्या मिश्रणात लावावा आणि आठवडाभर पाणी घालू नये.

खोड पूर्ण गेले असेल, तर पानाचा वरचा निरोगी भाग कामी येतो. त्याचे तीन-चार बोटे लांबीचे तुकडे करावेत. वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, यावर पेनाने खूण करावी, कारण उलटा लावलेला तुकडा मुळे धरत नाही. दोन-तीन दिवस सुकू देऊन ते जाड्या वाळूत खालच्या बाजूने खोचावेत. पाण्याच्या ग्लासात ठेवूनही मुळे फुटतात, पण ते पाणी दर चार-पाच दिवसांनी बदलावे लागते.

पिवळ्या किनारीच्या 'लॉरेंटी' जातीत एक गंमत आहे. तिच्या पानाचा तुकडा लावला, तर येणारे रोप बहुधा साधे, हिरवेच येते. किनारीचा पिवळा आणि आतला हिरवा भाग वेगवेगळ्या घडणीच्या पेशींचे असतात आणि तुकड्यातून नवा कोंब फुटतो तो आतल्या हिरव्या पेशींतून. किनार टिकवायची असेल, तर कुंडीत बाजूने येणारे फुटवे खोडासकट वेगळे करून लावणे हाच मार्ग आहे.

मुळे धरायला महिना-दीड महिना लागतो. मातीतून नवा कोंब वर यायला त्यापुढे दोन-तीन महिने, थंडीत त्याहूनही अधिक. या काळात तुकडा वरून जसाच्या तसा दिसतो, म्हणून तो उपटून पाहण्याचा मोह होतो. तसे केल्यास नुकतीच धरलेली नाजूक मुळे तुटतात. बोटाने हलकेच हलवून पाहावे. तुकडा घट्ट बसला असेल, तर खाली काम सुरू झाले आहे.